शाळेचे सहा तट्टे

शाळेला भिंती नव्हत्या. त्या हौशीने विणून द्यायच्या असं गावाने ठरवलं, तेव्हा हौशी झऱ्यावर करवंटीने पाणी भरत बसली होती. तिला कुणी विचारलं नाही. विचारायचं कशाला? तिचा दीर नवसू तिथे हजर होता आणि त्याने मान हलवली होती. बाईच्या हातांचं काम कबूल करायला दिराची मान पुरते, अशी पाड्याची समजूत.

राजाचं राज्य जाऊन सात पावसाळे झाले होते. नवं सरकार मोखाड्यापर्यंत आलं, कचेरीत बसलं, आणि तिथून डोंगर चढून सूर्यमाळच्या या अंगाला यायला त्याला आणखी सहा वर्षं लागली. आलं ते शाळा घेऊन. शाळा म्हणजे चार मेढी, वर पेंढा आणि देवजी गुरुजी. पहिल्याच पावसाळ्यात झड चारी बाजूंनी आत शिरली, पाटीवरचं अक्षर पाटीवर राहीना, आणि पोरं आपापल्या घरी चुलीपाशी जाऊन बसली. यंदा भिंती हव्यात, असं गुरुजींनी गावाला सांगितलं. कूड घालून लिंपायला माणसं नव्हती. निम्मा पाडा मिठागरावर गेलेला. मग तट्ट्यांचं निघालं आणि हौशीचं नाव निघालं.

नवसू तिच्या अंगणात उभ्या उभ्याच बोलला. "सा तट्टे इनायचं हायेत. मिरगाच्या आदी."

"कोनी?"

"तूच. जिवाचा हात तुला आलाय. गाव नागली देल."

"कवा?"

"पिकल्यावर."

"आन बांबू?"

"बांबू मी आनून टाकतो. येवढा तरी दीर हाय तुला," नवसू म्हणाला आणि फार मोठा उपकार केल्यासारखा निघून गेला. बांबू मात्र त्याने खरंच आणून टाकले. माणूस वाईट नव्हता. फक्त त्याला कुणाला काही विचारायची सवय नव्हती.

जिवा हौशीचा नवरा. दोन वर्षांमागे राबाला, म्हणजे शेत भाजायला, फांद्या तोडायला ऐनाच्या झाडावर चढला आणि तोडलेल्या फांदीबरोबर तोही खाली आला. तट्टे विणणं त्याच्या घरचं काम. बापाने त्याला शिकवलं, त्याने लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात हौशीला शिकवलं, सहज, बोलता बोलता. तेव्हा ती हसत हसत शिकली होती. आता त्याच विणीवर पोट होतं.

पाड्यावर सात घरं. चार दारांना दिवाळीनंतर काट्या लागल्या होत्या त्या अजून निघाल्या नव्हत्या. एक घर नवसूचं, एक कोंडी म्हातारीचं, तिला ऐकू येत नव्हतं. आणि एक हौशीचं. माणसं गेली की पाडा किती मोठा होतो ते राहिलेल्यालाच कळतं. हौशी जाऊ शकली नव्हती. मिठागरावर नवऱ्याशिवाय बाईला काम मिळतं, पण झोपायला धड जागा मिळत नाही, आणि बरोबर पोर. दिवसभरात तिच्या तोंडून निघणारे शब्द हाताच्या बोटांवर मोजावेत इतके, आणि त्यातले निम्मे कोंबडीला उद्देशून.

बाकीचे राहीला. राही तिची लेक, सहा पावसाळ्यांची. तीही बोलायची नाही फारशी. कमू, नवसूची बायको, तिला सरळ 'मुकी' म्हणायची. "मुके, इकडं ये. मुके, खाल्लास कं?" राही यायची, खायची, बघत राहायची. बघण्याचं मात्र तिला भारी वेड होतं. मुंग्यांची रांग दिसली की ती रांग संपेपर्यंत उठायची नाही, आणि मुंग्यांची रांग काही लवकर संपत नाही.

सकाळी पाण्याच्या दोन खेपा झाल्या की हौशी बांबू घेऊन बसे. बुडख्याला कोयता लावायचा, वरून दगडाने ठोकायचा, बांबू तडकला की पायाचा अंगठा फटीत घालून दोन्ही हातांनी फाडत न्यायचा. मग कांबी. प्रत्येक कांब पोटाशी धरून तासायची. धार चुकली तर कांब तळहातात शिरते. जिवाच्या तळव्याला घट्टे होते. हौशीच्या तळव्याला अजून चिराच पडत होत्या. रात्री ती त्यांत मोहाचं तेल भरी आणि सकाळी पुन्हा त्याच चिरांत बांबूचं कुसळ जाई.

मग उभ्या कांबी जमिनीवर अंथरायच्या आणि आडवी घालत जायची. आडवी कांब दोन उभ्यांवरून काढायची, दोन उभ्यांखालून. पुढची आडवी तशीच, पण सुरुवात एका कांबीने सरकवून. तिसरी आणखी एकाने सरकवून. असं केलं की विणीत तिरक्या रेघा उमटतात, डोंगरावरून उतरणाऱ्या पायवाटांसारख्या. त्यांना जिवाच्या घरात वाटाच म्हणत.

ओल्या बांबूला एक खोड असते. तो विणला तरी गप्प राहत नाही, उसळतो. म्हणून कुणीतरी विणीवर बसावं लागतं. मोठं माणूस बसलं तर कांबी चेपतात. पोराचं वजन बरोबर होतं. जिवा लहान असताना बापाच्या तट्ट्यावर बसला होता. आता राही बसायची, विणीच्या अगदी तोंडाशी, पाय पोटाशी घेऊन. दोन आडव्या कांबी झाल्या की हौशी म्हणायची, "सर." राही ढुंगणावर वीतभर पुढे सरायची. दिवसभर दोघींत एवढंच बोलणं. "सर." आणि पोर सरायची.

तिसऱ्या तट्ट्याला हौशीचा हात भरभर चालत होता. ऊन डोक्यावर आलेलं, झऱ्याला दुपारी जरा पाणी साठतं ते कमूने नेण्याआधी गाठायचं होतं.

"आये," राही म्हणाली, "वाट मोडली."

"कंची वाट?"

राहीने आपल्या पायाशी बोट टेकवलं आणि विणीवरून तिरकं मागे नेलं. "ही आली. आली. आली. आन हितं नाय."

हौशीने पाहिलं. तिला काही दिसेना. हातातली कांब बरोबर होती, तिच्या आधीची बरोबर होती, तिच्या आधीचीही. मग ती राहीच्या बोटाच्या मागे मागे गेली. आठ कांबी मागे एका जागी तिने दोनाऐवजी तीन उभ्या घेतल्या होत्या. त्यापुढे प्रत्येक कांब तिने आधीच्या कांबीकडे बघून घातलेली, म्हणून प्रत्येक कांब बरोबर वाटत होती आणि सगळी वीण चुकत चालली होती.

असली चूक जिवाला सापडायची, हातभर लांबून. हौशीला दहा वर्षांत कधी सापडली नव्हती. आणि ही पोर, जिला कुणी काही शिकवलं नव्हतं, जी नुसती वजन म्हणून बसवली होती, तिने बसल्या जागी चूक कुठून सुरू झाली ते शोधलं होतं.

हौशीला भरून आलं. आता हे कुणाला तरी सांगावं म्हणून तिने मान वर केली. समोर काट्या लावलेली चार दारं होती. कोंडी म्हातारी उंबऱ्यात बसून स्वतःशीच हसत होती. हौशीने मान खाली घातली आणि आठ कांबी उसवायला घेतल्या. पाणी त्या दिवशी कमूनेच नेलं.

देवजी गुरुजी तट्टे बघायला आले ते दुसऱ्या दिवशी. वांगणीकडच्या शेतकऱ्याचा पोरगा, बाविशीचा, सातवी फायनल पास झालेला. घरातला पहिला सरकारी माणूस. शाळेच्याच कोपऱ्यात राहायचा, आपली भाकरी आपणच करपवायचा. पाड्यावर 'तुम्ही' म्हणायची चाल नव्हती. देवाला तू, फॉरेस्टवाल्याला तू, तसं गुरुजींनाही तू. पहिल्यांदा त्यांना जरा टोचलं होतं, मग सवय झाली.

"बस गुरुजी," हौशी म्हणाली. "तीन झालं. घेऊन जा."

गुरुजी बसले. तट्टे त्यांनी हाताने दाबून बघितले, 'मजबूत आहेत' म्हणाले आणि बाजूला उभे करून ठेवले. मग उठायचं सोडून बसूनच राहिले. महिनाभर शाळा बंद, पोरं नाहीत, बोलायला कोणी नाही. एकटं माणूस दुसऱ्याच्या अंगणात किती वेळ बसतं ते हौशीला ठाऊक होतं. तिने त्यांना नागलीची आंबील दिली.

त्यांच्या खांद्याला एक कापडी पिशवी होती. आत चिंचोके आणि पांढरे खडे. हौशीला हसू आलं. "हे काय? गोट्या खेलतोस?"

"हेच शिकून आलो मी महिनाभर," गुरुजी जरा लाजून म्हणाले. "लहान पोरांना आधी अक्षर दाखवायचं नाही. आधी रांग मांडायची. चिंचोका, खडा, चिंचोका, खडा. मग विचारायचं, पुढे काय? रांग कशी चाललीय ते ज्या पोराला दिसलं, त्याला पुढे हिशेबसुद्धा दिसतो, अक्षरसुद्धा. घोकायला लागत नाही."

"आन ज्याला नाय दिसला?"

"त्याने थांबायचं." गुरुजींनी आंबील संपवली आणि मग ज्यासाठी आले होते ते बोलले. "जव्हारला मुलींचं वसतिगृह निघतंय. सहा वर्षांच्या पुढच्या. जेवण, कपडे, पुस्तकं, सगळं तिकडे. आपल्या शाळेतून एक नाव मागितलंय. समज असलेली पोरगी पाहिजे. बाकीच्या मिठागरावर आहेत. इथे तुझीच एक आहे."

हौशीचे हात थांबले. "घरा कवा येल?"

"दिवाळीला. मग होळीनंतर."

"राही बारकी हाय."

"सहाची ना?"

खोटं बोलावं असं हौशीच्या मनात आलं. पण जिवा पडला तेव्हा पोर चार पावसाळ्यांची होती हे सगळ्या डोंगराला माहीत होतं. "हां," ती म्हणाली.

"परवा येतो. रांगा मांडून बघतो. तिला जमलं तर नाव देतो, नाही जमलं तर कोरा कागद पाठवतो."

परवा उजाडला. हौशीने त्या दिवशी राहीचे केस विंचरले नाहीत. तोंड धुतलं नाही. शिळी भाकर होती तीही दिली नाही. उपाशी पोराचं डोकं चालत नाही म्हणतात. आपण काय करतोय हे तिला कळत होतं आणि ती करत होती. कमू आली आणि वर म्हणाली, "धाड ना. पोटभर खाल तरी. पन तुज्या मुकीला कोन घेतो?" हौशीला कमूचा राग आला आणि तिचं म्हणणं खरं व्हावं असंही वाटलं.

गुरुजींनी अंगणात जागा झाडली. दोन चिंचोके, दोन खडे, दोन चिंचोके, दोन खडे अशी रांग मांडली. पिशवी राहीपुढे ठेवली.

"राही, आता पुढे काय? मांड."

राही बराच वेळ रांगेकडे बघत राहिली. मग तिने पिशवीतून एक खडा काढला आणि पहिल्या चिंचोक्याच्या खाली ठेवला.

"इथे नाही, तिकडे. रांगेच्या टोकाला. आणि एक नाही, दोन लागतील. कशाचे दोन?"

राहीने त्या एका खड्याशेजारी दोन चिंचोके ठेवले. मग दोन खडे. गुरुजींनी हलकेच सगळं पुसलं. पुन्हा रांग मांडली. "बघ हं नीट. दोन, दोन. दोन, दोन. पुढे?"

राहीने पुन्हा खाली एक खडा ठेवला. मग दोन चिंचोके.

तिसऱ्यांदाही तेच. गुरुजी रागावले नाहीत. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, चिंचोके गोळा केले. "अजून समज यायची आहे," ते हौशीला म्हणाले. "खेळते नुसती. पुढच्या वर्षी बघू."

हौशी मेढीला टेकून उभी होती. पहिला खडा पडला तेव्हाच तिला कळलं होतं. दोनावरून, दोनाखालून, आणि पुढची ओळ एकाने सरकवून. पोर रांग पुढे नेतच नव्हती. ती खाली दुसरी कांब घालत होती. तट्टा विणत होती. अंगणात चौथा तट्टा उलगडून पडला होता, गुरुजींच्या चपलेपासून हातभर लांब. त्यांनी एकदा खाली बघितलं असतं तर त्यांनाही दिसलं असतं. ते बघत नव्हते. हौशी बोलली नाही.

गुरुजी निघून गेले आणि तिला इतका आनंद झाला की तिची तिलाच लाज वाटली. पोर राहिली. दिवाळीपर्यंत, होळीपर्यंत, पुढच्या मिरगापर्यंत. तिने चुलीवर ताजी भाकर टाकली, वर गुळाचा खडा ठेवला, राहीचे केस विंचरले, दोनदा विंचरले.

"आये," राही म्हणाली, "मी चुकली?"

"खा आदी."

"चुकली मी?"

"खा गं," हौशी म्हणाली आणि पाणी आणायला उठली, पाणी होतं तरी.

पाचव्या तट्ट्याला राही बसली तशीच, विणीच्या तोंडाशी. "सर," म्हटलं की सरत होती. पण हात मांड्यांखाली घालून बसायची. पूर्वी तिचं बोट सारखं विणीवरून फिरत असे, ते फिरेना. मुंग्या आल्या, गेल्या. तिने पाहिलं नाही. हौशी तिच्याशी जास्त बोलू लागली, बापाच्या गोष्टी सांगू लागली, कोंबडीची नक्कल केली. राही ऐकून घ्यायची. पाचवा तट्टा झाला, सहावा लागला.

सहाव्यात हौशीने मुद्दाम चूक केली. दोनाऐवजी तीन उभ्या घेतल्या आणि पुढे विणत गेली. चार कांबी, सहा कांबी. ती डोळ्याच्या कोपऱ्यातून पोरीकडे बघत होती. राहीची नजर वाटेवरून वर गेली, मोडलेल्या जागी आली आणि थबकली. राहीने नजर काढून घेतली आणि दूर डोंगराकडे बघत राहिली.

"राही, वाट कशी हाय?"

"माला नाय समजत."

"कोन बोलला तसा?"

"गुरुजी," राही म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "तू पन होती ना तिथं. तू पन काय नाय बोलली."

आवाजात रुसवा नव्हता. पोर फक्त झालं तसं सांगत होती. हौशीने कोयता बाजूला ठेवला. तिला वाटलं, कुणीतरी येऊन दोन थोबाडीत माराव्यात तर बरं. पण पाड्यावर थोबाडीत मारायलाही कुणी नव्हतं. तिने सहावा तट्टा पुरा केला. चूक उसवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने तट्ट्याची गुंडाळी डोक्यावर घेतली. शाळा दीड मैल. मधे ओहळ, कोरडा ठाक, आणि पलीकडे चढ. गुंडाळी लांब, वाऱ्याने फिरत होती आणि मानेला हिसके बसत होते. मागून राही येत होती. दोघी चढावर दोनदा थांबल्या.

गुरुजी भाकरी करपवत होते. शाळेच्या तीन बाजू तट्ट्यांनी बंद झाल्या होत्या. चौथीला एक कमी होता.

"ठेव तिथे, बांधतो मी," ते म्हणाले.

"बांदशील मंग," हौशी म्हणाली. तिने गुंडाळी सोडली आणि तट्टा जमिनीवर पसरला. "बस हितं. पिशवी काड. त्या दिशी मांडलास तशी रांग मांड."

गुरुजी तिच्याकडे बघत राहिले. एरवी ही बाई दोन शब्दांवर बोलत नसे. ते बसले. दोन चिंचोके, दोन खडे, दोन चिंचोके, दोन खडे.

"आता पोरीला मांडू दे. मधी हात घालू नको."

राही जागची हलली नाही. तिने आईकडे पाहिलं.

"मांड," हौशी म्हणाली. "तू बरोबर व्हती. माला तवाच दिसला व्हता. मी बोलली नाय."

राहीने आईकडे आणखी थोडा वेळ पाहिलं. मग ती उकिडवी बसली. एक खडा, दोन चिंचोके, दोन खडे, दोन चिंचोके, एक खडा. त्याखाली दोन खड्यांपासून सुरुवात. त्याखाली एक चिंचोका, दोन खडे. पाचवी ओळ पहिलीसारखीच आली. तिने ती पुरी केली आणि हात आखडून घेतला. चिंचोक्यांच्या वाटा तिरक्या उतरत गेल्या होत्या.

हौशीने गुरुजींचं मनगट धरलं, मानाच्या माणसाचं धरावं तसं नाही, कामावरच्या माणसाचं धरावं तसं, आणि त्यांचं बोट तट्ट्याच्या पहिल्या कांबीवर टेकवलं. "मोज."

गुरुजी तोंडातल्या तोंडात मोजू लागले. दोन वर, दोन खाली. दुसरी कांब. तिसरी. एकदा तट्ट्याकडे, एकदा चिंचोक्यांकडे. चुलीवरची भाकरी धुरकटली तरी ते उठले नाहीत.

तेवढ्यात राही आपण होऊन उठली. तट्ट्याच्या मधोमध गेली आणि वाकून एका जागी बोट ठेवलं. "हितं वाट मोडली. आयेने मोडली."

"मुद्दाम मोडली," हौशी म्हणाली.

गुरुजींनी पाहिलं. त्यांना ती चूक दिसायला तीनदा मोजावं लागलं. मग ते मागे टेकून बसले आणि शाळेच्या भिंतींकडे बघू लागले, जणू त्या आत्ताच कुणी उभ्या केल्या होत्या. "पाच तट्टे मी माझ्या हाताने बांधले," ते म्हणाले. "एकदाही बघितले नाहीत."

ते उठले आणि करपलेली भाकरी त्यांनी चुलीवरून काढून ठेवली.

"तू गप राहिली असतीस तर पोरगी तुझ्याजवळ राहिली असती," गुरुजी म्हणाले. घरची बोली त्यांच्या तोंडात आली. "तुला ठावं व्हता ना?"

"व्हता."

"मग?"

"राहिली असती," हौशी म्हणाली. "दगुड व्हऊन राहिली असती. दोन तट्टे इनताना मी बघला."

गुरुजींनी कागद काढला.

मोखाड्याच्या बाजाराच्या दिवशी तिघं पहाटे निघाली. गुरुजी जव्हारपर्यंत राहीबरोबर जाणार होते. राहीच्या अंगात कमूने दिलेला झगा होता, कमूच्या सासरी गेलेल्या लेकीचा, मंगळीचा, लहानपणचा. देताना कमू म्हणाली, "मुके, बोलायला शिक तिथं," आणि पदराने डोळे पुसून आत गेली. माणसाचं काही सांगता येत नाही.

मोटार उभी होती. लोक चढत होते, कोंबड्यांच्या टोपल्या वर जात होत्या. हौशीने फडक्यात बांधलेले चिंचोके आणि खडे राहीच्या हातात दिले. आणखी काय द्यावं हे तिला सुचलं नव्हतं.

राहीने ते छातीशी धरलं. "आये, आता तट्ट्यावर कोन बसल?"

"बसल कोनतरी."

"कोन?"

"जा, चड आता. गुरुजी थांबलाय."

राही चढली. खिडकीतून तिचं डोकं अर्धंच दिसत होतं. ती रडली नाही. मोटारीच्या पत्र्यावर एका रांगेत ठोकलेले खिळे होते, त्यांवरून तिचं बोट चाललं होतं. एका जागी ते थांबलं. तिथला खिळा निघालेला असणार. मोटार हलली तेव्हा तिने वर पाहिलं, आणि मग धूळ मधे आली.

हौशी परत यायला दुपार कलली. वाटेत ओळखीच्या दोन बाया भेटल्या, त्यांनी विचारलं, पोर कुठाय? "जव्हारला," ती म्हणाली. पहिल्यांदा जरा ताठ मानेने म्हणाली. दुसऱ्यांदा नुसतंच म्हणाली.

मिरगाला चार दिवस राहिले होते. सहा तट्टे गावाचे झाले, पण तिच्या स्वतःच्या घराची पश्चिमेची बाजू उघडीच होती. तिकडूनच झड येते. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या खेपा झाल्यावर ती उरलेल्या बांबूला बसली. कांबी काढल्या, अंथरल्या, चार आडव्या घातल्या. बांबू उसळला. दोन्ही हात विणीत होते आणि वीण वर येत होती.

ती आत गेली आणि मिरची वाटायचा पाटा उचलून घेऊन आली. विणीच्या तोंडाशी ठेवला. बांबू दबला. पाटा राहीपेक्षा जड नव्हता, पण एकाच जागी टोचत होता. एक कांब त्याच्या कडेखाली चिरली. तिने खाली फडकं घातलं.

दोनावरून, दोनाखालून. पुढची एकाने सरकवून. हात चालू लागले. ऊन वर आलं. कोंडी म्हातारी उंबऱ्यात येऊन बसली. दोन कांबी झाल्या.

"सर," हौशी म्हणाली.

मग ती उठली, दोन्ही हातांनी पाटा उचलला, वीतभर पुढे ठेवला, आणि पुन्हा विणायला बसली.